तांदूळ घेणं आणि तांदूळ निवडणं: ग्राहकाच्या पसंतीतून वस्तूचं मोल कळतं का?

"एवढे लोक घेतात, म्हणजे काहीतरी असणारच त्यात." हे वाक्य आपण दुकानात ऐकतो, घरी ऐकतो आणि जरा जड भाषेत संशोधनाच्या प्रस्तावांतही वाचतो. तिथे ते असं येतं: 'सदर उत्पादनाची विक्री वाढती असल्याने ग्राहकांनी त्याची गुणवत्ता मान्य केली आहे असे दिसून येते.' वाचताना काही खटकत नाही. पण नीट बघा, मोजली काय तर विक्री, आणि निष्कर्ष काढला गुणवत्तेबद्दल. मधला पूल कुठे आहे?

माझी पदव्युत्तर पदवी रसायनशास्त्रातली आणि पीएच.डी.चा विषय अन्नपदार्थांच्या तपासणीचा इतिहास. म्हणजे लोक काय विकत घेत होते आणि त्या वस्तूत प्रत्यक्षात काय होतं, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघणं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे हा प्रश्न मला तात्त्विक वाटत नाही. याला इतिहासात चांगली ठोस उदाहरणं आहेत, आणि पेट किंवा नेटची तयारी करणाऱ्या, प्रस्ताव लिहायला बसलेल्या प्रत्येकाला ती उपयोगी पडतील असं वाटतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. खरेदीतून आपल्याला एवढंच कळतं की ग्राहकाला वस्तूत काय दिसलं आणि त्याला काय परवडलं. त्यापलीकडे खरेदी आणखी किती सांगेल, हे त्या खरेदीभोवती मोजमापाची कोणती व्यवस्था उभी आहे यावर ठरतं. आणि ही व्यवस्था आपोआप आलेली नाही, ती माणसांनी भांडून उभी केलेली आहे.

आधी अर्थशास्त्र काय म्हणतं ते थोडक्यात

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पाणी आणि हिऱ्याचं उदाहरण दिलं. पाण्याइतकी उपयोगी वस्तू नाही, पण त्याच्या बदल्यात फारसं काही मिळत नाही. हिऱ्याचा उपयोग जेमतेम, पण बदल्यात पुष्कळ मिळतं. म्हणजे 'उपयोगाचं मोल' आणि 'देवाणघेवाणीचं मोल' या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. १८७१ मध्ये इंग्लंडात जेव्हन्स आणि व्हिएन्नात मेंगर यांनी स्वतंत्रपणे यातून वाट काढली: भाव ठरतो तो वस्तूच्या एकूण उपयोगावर नाही, तर आणखी एक नग मिळाल्याने किती फरक पडतो त्यावर. पाणी भरपूर आहे म्हणून आणखी एका तांब्याची किंमत कमी.

पुढे १९३८ मध्ये पॉल सॅम्युएलसन यांनी मांडलं की ग्राहकाच्या मनात डोकावायची गरजच नाही. दोन्ही वस्तू परवडत असताना त्याने एक घेतली आणि दुसरी सोडली, तर त्याची पसंती त्या कृतीतूनच उघड झाली. 'प्रकट पसंती' म्हणतात ती हीच.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. सॅम्युएलसन पसंतीबद्दल बोलतायत. ग्राहकाने 'क' सोडून 'ख' घेतलं यावरून 'ख' अधिक चांगलं आहे असं त्यांनी म्हटलेलं नाही. 'पसंत पडलं' आणि 'चांगलं आहे' यांच्यामध्ये एक अट लपलेली आहे: आपण काय घेतोय हे ग्राहकाला माहीत असलं पाहिजे. ही अट पाळली गेली नाही तर काय होतं, हे बघायला एकोणिसाव्या शतकातल्या लंडनइतकी चांगली जागा नाही.

लंडनचा पांढरा पाव

१८२० मध्ये फ्रेडरिक ॲकम या लंडनमध्ये राहणाऱ्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अन्नातल्या भेसळीवर एक पुस्तक लिहिलं. पहिली हजार प्रतींची आवृत्ती महिन्याभरात संपली. त्यात काय नव्हतं? चहा म्हणून विकली जाणारी भलत्याच झुडपांची पानं, तांब्याच्या क्षारांनी हिरवीगार केलेली लोणची, शिसं असलेल्या लाल रंगाने सजलेलं चीज, आणि तुरटी घातलेला पाव.

तुरटीचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. लंडनकरांना पाव पांढराशुभ्र लागायचा. पांढरा पाव म्हणजे चांगला गहू, चांगलं पीठ, अशी समजूत. ती अगदी निराधारही नव्हती, कारण उत्तम पीठ खरोखरच पांढरं असे. पण उत्तम पीठ महाग. मग हलक्या पिठात थोडी तुरटी मिसळली की पाव पांढरा दिसतो, हे बेकरीवाल्यांना ठाऊक होतं. त्यात लंडनमधली पावाच्या किमतीवरची जुनी सरकारी बंधनं उठली. कोण किती स्वस्त विकतो याची चढाओढ लागली. ग्राहकाला तीन गोष्टी दिसत होत्या: किंमत, वजन आणि रंग. पिठाचा कस त्याला दिसत नव्हता.

आता यात ग्राहक मूर्ख होता का? मुळीच नाही. हातात असलेल्या माहितीवर तो अगदी शहाणपणाने निवड करत होता. त्याने रंग बघितला, कारण रंगावरून पीठ ओळखता येतं असा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता. अडचण अशी की विकणाऱ्यालाही हे माहीत होतं. ज्या खुणेवरून गुण ओळखला जातो, ती खूण गुणाशिवाय तयार करता येऊ लागली, की त्या खुणेला अर्थ उरत नाही.

तीस वर्षांनी, १८५१ ते १८५४ या काळात, 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाने या प्रश्नाचा पाठपुरावा केला. संपादक टॉमस वॅकली, आणि प्रत्यक्ष तपासणी करणारे डॉक्टर आर्थर हिल हॅसल. दुकानांतून नमुने विकत घ्यायचे, तपासायचे आणि दुकानदाराच्या नाव-पत्त्यासह निकाल छापायचा, अशी पद्धत. पावाच्या ४९ नमुन्यांपैकी एकूण एक नमुन्यात तुरटी सापडली.

या आकड्यावर जरा थांबा. ४९ पैकी ४९. म्हणजे ज्याला 'ग्राहकाची निवड' म्हणायचं, तिथे निवडायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं. या दुकानातला पाव सोडून त्या दुकानातला घेतला तरी तुरटी ती होतीच. अशा बाजारातल्या विक्रीचे आकडे घेऊन कोणी 'लंडनकरांची पसंती' शोधायला बसला, तर तो नेमकं काय शोधत असेल?

कॉफीतली चिकोरी आणि एक सूक्ष्मदर्शक

कॉफीची गोष्ट याहून मजेदार आहे, आणि विज्ञान शाखेतून आलेल्यांना विशेष आवडेल. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. भाजून दळलं की दिसायला कॉफीसारखं, आणि कॉफीपेक्षा खूप स्वस्त. १८४० मध्ये सरकारनेच कॉफीत चिकोरी मिसळून विकायला मुभा दिली होती. पुढे तक्रारी वाढल्या तेव्हा, १८५० मध्ये, अर्थमंत्री चार्ल्स वूड यांनी संसदेत नामवंत रसायनशास्त्रज्ञांच्या अहवालाचा हवाला देऊन सांगितलं की कॉफीत चिकोरी आहे की नाही हे रसायनाने किंवा दुसऱ्या कुठल्या मार्गाने ओळखता येत नाही.

हॅसल यांनी सूक्ष्मदर्शक लावला. वनस्पतीचा भाग भाजला, दळला तरी त्याच्या पेशींची रचना बऱ्याच अंशी शाबूत राहते. कॉफीच्या बीची पेशी वेगळी, चिकोरीच्या मुळाची वेगळी. काचपट्टीवर चिमूटभर पूड ठेवली की दोन्ही वेगळं ओळखू येतं. त्यांनी तपासलेल्या कॉफीच्या ३४ नमुन्यांपैकी फक्त ३ शुद्ध निघाले.

इथे शिकण्यासारखं असं की कॉफीची पूड दोन्ही दिवशी तीच होती. बदललं ते तिच्याबद्दल काय कळू शकतं, एवढंच. आणि तेवढ्यावरून पुढचं सगळं बदललं. १८५३ पासून मिश्रण विकायचं असेल तर तसं लिहिणं बंधनकारक झालं.

चिकोरी आपल्याकडेही आहे, पण वेगळ्या रूपात. फिल्टर कॉफी पिणारे कित्येक जण मुद्दाम चिकोरी असलेलीच पूड मागतात. त्यांना तो दाटपणा आणि कडसरपणा आवडतो. आपल्या नियमांनुसार अशा मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. पदार्थ तोच. प्रमाण लपवलं तर ती फसवणूक, छापलं तर ती आवड. म्हणजे खरेदीला 'पसंती' म्हणता येईल की नाही, हे वस्तूवरून ठरत नाही, वस्तूसोबत काय सांगितलं गेलं यावरून ठरतं.

ग्राहकाची आवडच बिघडते तेव्हा

आतापर्यंतच्या गोष्टीत ग्राहक फसवला जातोय. पण याहून अवघड प्रकारही आहे. रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८४८-४९ च्या सुमारास चीनमध्ये चहाच्या प्रदेशात फिरला. निर्यातीच्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लू हे निळं रंगद्रव्य आणि जिप्सम लावताना त्याने प्रत्यक्ष पाहिलं. त्याच्या हिशोबाप्रमाणे असा १०० पौंड चहा पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून जास्त रंग आणि जिप्सम जात होतं. चहा बनवणारे स्वतः तो रंगवलेला चहा पीत नव्हते. रंगाशिवायचा चहाच चांगला असतो, हे त्यांनी मान्य केलं. मग रंगवता कशाला? तर परदेशी लोकांना तसाच आवडतो, आणि त्याला भावही जास्त मिळतो.

इथे कोणी कोणाशी खोटं बोललं का, हे ठरवणंसुद्धा कठीण आहे. ग्राहकाने एक छटा मागितली, विकणाऱ्याने ती दिली. पसंती अगदी 'प्रकट' झाली, जास्त भाव देऊन प्रकट झाली. आणि तरीही ज्याला वस्तूची पारख होती तो ती स्वतः तोंडाला लावत नव्हता.

इंग्लंडातल्या सहकारी दुकानांनाही असाच अनुभव आला. कामगारांनी स्वतः चालवलेली ही दुकानं शुद्ध माल विकायचा म्हणून निघाली होती. पण भेसळीच्या रंगाला आणि चवीला सरावलेल्या गिऱ्हाइकांना रंग न दिलेला चहा सुरुवातीला पटेना. त्यांना समजावून सांगावं लागलं. संशोधक म्हणून आपण हे लक्षात ठेवायला हवं: पसंती ही बाजाराच्या बाहेरून आलेली, आधीच ठरलेली गोष्ट नसते. बाजारात जे मिळत राहतं त्यातूनही ती घडते. मग तीच पसंती पुरावा म्हणून वापरून 'बाजार लोकांना हवं तेच देतो' असं सिद्ध करायला गेलो, तर आपण गोल फिरून तिथेच येतो.

ब्रॅडफर्ड, १८५८

या सगळ्याची किंमत कोण मोजत होतं? ३० ऑक्टोबर १८५८ रोजी, शनिवारी, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डच्या बाजारात पेपरमिंटच्या गोळ्या विकल्या गेल्या. साखर महाग होती, म्हणून गोळ्या बनवणारे साखरेत जिप्समसारखी पांढरी पूड मिसळत. त्या वेळी औषध-दुकानातून ही पूड आणताना चुकून दुसऱ्या पिंपातला पांढरा पदार्थ दिला गेला. तो आर्सेनिक होता, १२ पौंड. सुमारे २० जण मेले, त्यांत लहान मुलं होती. दोनशेच्या वर लोक आजारी पडले.

या प्रकरणातला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. गोळ्या नेहमीपेक्षा वेगळ्या दिसतायत हे विक्रेत्याच्या लक्षात आलं होतं. त्याने काय केलं? बनवणाऱ्याकडून भाव कमी करून घेतला. म्हणजे बाजाराने 'माहिती' टिपली, भावात उतरवलीसुद्धा. फक्त ती माहिती रंगाबद्दलची होती, विषाबद्दलची नव्हती.

'स्वस्त मागितलं म्हणून भेसळ आली, दोष ग्राहकाचाच' हे म्हणणं तेव्हाही होतं, आजही आहे. ब्रॅडफर्डच्या त्या गोळ्या घेणारे गिरणगावातले साधे लोक होते. त्यांनी स्वस्त गोळी पसंत केली हे खरं. जिप्समची गोळी पसंत केली, हे त्यांच्या तोंडी घालता येत नाही. प्रबंधात 'कमी उत्पन्न गट निकृष्ट वस्तू पसंत करतो' असं वाक्य लिहिण्याआधी हा फरक आठवावा.

१८६० मध्ये भेसळविरोधी पहिला सर्वसाधारण कायदा आला, पण तपासनीस नेमणं ऐच्छिक असल्यामुळे तो दुबळा ठरला. १८७२ मध्ये सुधारणा झाली. १८७५ च्या कायद्याने मात्र एक स्पष्ट कसोटी दिली: ग्राहकाने जी वस्तू मागितली, तिच्याच जातीची, द्रव्याची आणि गुणवत्तेची वस्तू त्याला मिळाली पाहिजे. वस्तू किती चांगली असावी हे कायद्याने सांगितलं नाही. 'मागणं' आणि 'मिळणं' यांची सांगड घातली. माझ्या मते खरेदीला अर्थ यायला सुरुवात झाली ती इथून.

तांदळातले खडे आणि अकरलॉफ

या अनुभवाला अर्थशास्त्रात नेमकी भाषा मिळायला १९७० उजाडलं. जॉर्ज अकरलॉफ यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध तीन नियतकालिकांनी नाकारला आणि चौथ्याने छापला. २००१ मध्ये त्याच कामासाठी त्यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

कल्पना सोपी आहे. समजा, चांगल्या तांदळाला ग्राहक किलोला ६० रुपये देईल आणि हलक्याला ४०. पण बघून फरक कळत नाही. मग तो मधला भाव देईल, ५० रुपये. चांगला तांदूळ पिकवायलाच ५५ लागत असतील तर तो विकणारा बाजारातून बाहेर पडेल. उरला हलका माल. हे ग्राहकाच्या लक्षात आलं की भाव आणखी खाली. शेवटी ग्राहक चांगल्यासाठी ६० द्यायला तयार, विकणारा ५५ ला द्यायला तयार, आणि तरीही तो सौदा होतच नाही. अशा बाजाराचे खरेदीचे आकडे पाहिले तर वाटेल की लोकांना चांगला तांदूळ नकोच आहे.

हे तांदळाचं उदाहरण माझ्या पदरचं, पण तांदूळ अकरलॉफ यांच्या निबंधातही आहे. भारतातल्या गृहिणीला बाजारातून आणलेला तांदूळ निवडावा लागतो, कारण त्यात दाण्याच्याच रंगाचे आणि आकाराचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात, असं त्यांनी लिहिलं आहे. मराठीत 'निवडणे' या क्रियापदाचे दोन्ही अर्थ आहेत: अनेकांतून एक पसंत करणं, आणि सूप घेऊन खडे वेचणं. अर्थशास्त्राची पुस्तकं पहिल्या निवडीबद्दल बोलतात. दुसरी निवड घरी, खरेदीनंतर, बहुतेक वेळा बाईच्या बिनपगारी वेळेतून होते आणि ती विक्रीच्या कुठल्याही आकड्यात येत नाही. तांदळाची 'खरी किंमत' काढायची तर तो तासभर धरायचा की नाही?

त्याच सुमाराला गुणांची एक उपयुक्त विभागणीही झाली. १९७० मध्ये फिलिप नेल्सन यांनी दोन प्रकार सांगितले: घेण्याआधी पाहून कळणारे गुण (कापडाचा रंग) आणि वापरल्यावर कळणारे गुण (आंब्याची चव). १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा जोडला: वापरूनही न कळणारे, निव्वळ विश्वासावर घ्यायचे गुण. पावातली तुरटी या तिसऱ्या प्रकारातली. पहिल्या प्रकारात खरेदी बरंच सांगते. दुसऱ्यात पहिली खरेदी काही सांगत नाही, पुन्हा केलेली सांगते. तिसऱ्यात शंभरदा खरेदी झाली तरी त्या गुणाबद्दल काही कळत नाही. प्रस्ताव लिहिताना आपली वस्तू यातल्या कोणत्या खणात बसते हे पहिल्या पानावर ठरवा. अर्धे घोळ तिथेच सुटतात.

दूध: मापन आलं की प्रश्न मिटतो?

मग मोजायचं साधन आलं की झालं? दुधाचा इतिहास सांगतो, इतकं सोपं नाही.

अमेरिकेतल्या डेअऱ्यांमध्ये पूर्वी दुधाचे पैसे वजनावर मिळत. साय काढून किंवा पाणी घालून दूध आणणाऱ्यालाही तोच दर, कसदार दूध आणणाऱ्यालाही तोच. वर सांगितलेला अकरलॉफचा सापळा हाच. १८९० मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी एक सोपी चाचणी दिली. दुधात सल्फ्युरिक ॲसिड घालायचं, त्यात प्रथिनं विरघळतात, मग नमुना यंत्रात गरगर फिरवायचा आणि नळीच्या मानेत वर आलेलं फॅट थेट वाचायचं. त्यांनी पेटंटही घेतलं नाही. दर फॅटवर देता येऊ लागला आणि पाणी घालण्यात फायदा उरला नाही.

आपल्याकडे गावातल्या संकलन केंद्रावर 'फॅट', 'एसएनएफ' आणि 'डिग्री' हे शब्द शाळेत न गेलेल्या माणसालाही माहीत असतात. गायीच्या दुधाचा दर साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो. दोन आकडे का लागतात? कारण एकाला चकवता येतं. साय काढली की दुधाची घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते. दोन्ही बेताने केलं तर लॅक्टोमीटरची डिग्री जागच्या जागी. एका मापाने जे निसटतं ते दुसऱ्याने पकडायचं. संशोधनात एकाच निर्देशकावर विसंबू नका असं मार्गदर्शक सांगतात ते याचसाठी.

पण माप स्वतःच लक्ष्य झालं की काय होतं, हे २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. दुधातलं प्रथिन थेट मोजत नाहीत. १८८३ पासून चालत आलेल्या केल्डाल पद्धतीत नायट्रोजन मोजतात आणि त्याला ठरावीक आकड्याने गुणून प्रथिनाचं प्रमाण काढतात. पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं. या रसायनात वजनाने सुमारे ६७ टक्के नायट्रोजन. चाचणीत प्रथिन भरपूर दिसलं. सुमारे तीन लाख बाळांना त्रास झाला, सहा बाळं दगावली. तुरटीने पांढरा केलेला पाव आणि मेलामाइनचं दूध यांत दीडशे वर्षांचं अंतर आहे. तर्क एकच. फरक एवढाच की पहिल्यात माणसाचा डोळा फसला, दुसऱ्यात प्रयोगशाळा.

पण मग खरं मोल ठरवायचं कोणी?

इथवर वाचून कोणी म्हणेल, ग्राहकाला काही कळत नाही, तज्ज्ञांनीच ठरवावं. इतिहास त्यालाही फारसा दुजोरा देत नाही.

लोण्याला स्वस्त पर्याय म्हणून १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मार्गारिन आलं. अमेरिकेत दूधवाल्यांच्या दबावाखाली १८८६ मध्ये त्यावर कर बसला, १९०२ मध्ये पिवळा रंग दिलेल्या मार्गारिनवर जबर कर आला. न्यू हॅम्पशायरमध्ये तर ते गुलाबी रंगवूनच विकावं असा कायदा होता, तो १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. 'ग्राहकाची फसवणूक टाळणे' हे कारण पुढे होतं, पण गुलाबी रंगाचा उद्देश ग्राहकाला ते नकोसं व्हावं हाच होता. ज्याला लोणी परवडत नाही त्याने समजून उमजून मार्गारिन घेतलं, तर त्याची ती निवड खरीच आहे. तिला खोटं ठरवायचा हक्क कोणाला नाही.

याच पेचावर आपल्याकडे निघालेला एक तोडगा मला फार आवडतो. तुपात वनस्पती मिसळण्याची तक्रार आपल्याकडे जुनी. वनस्पतीला रंग द्यावा, त्यावर बंदी आणावी अशा मागण्या अनेक वर्षं झाल्या. शेवटी रूढ झालेला उपाय म्हणजे वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल घालण्याची सक्ती. तिळाच्या तेलाने चवीत किंवा दिसण्यात फरक पडत नाही. पण बॉडवँ चाचणीत, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि फरफ्युरल घातल्यावर, ते लालसर गुलाबी रंग देतं. वनस्पती घेणाऱ्याला कोणी अडवलं नाही. तूप म्हणून वनस्पती विकणारा मात्र पकडता येऊ लागला. कोणती वस्तू श्रेष्ठ हे या नियमाने ठरवलं नाही. ती कोणती वस्तू आहे, एवढं ओळखण्याची सोय केली.

प्रस्ताव लिहिताना

तुमच्या विषयात चहा-दूध नसेल. ॲपचे डाउनलोड असतील, पुस्तकांचा खप असेल, बियाण्यांची विक्री असेल, खासगी क्लासचे प्रवेश असतील. विक्रीचे आकडे टाकून द्या असं मी म्हणत नाहीये. ते मौल्यवान आहेत, फक्त त्यांच्याकडून भलतं उत्तर मागू नये. मी स्वतः आकडे हातात घेतले की चार प्रश्न वहीत लिहिते.

एक: खरेदीच्या क्षणी ग्राहकाला नेमकं काय दिसत होतं, आणि काय दिसणं शक्यच नव्हतं?

दोन: त्याच्यापुढे खरोखर दुसरा पर्याय होता का, की ४९ पैकी ४९ पावांत तुरटीच होती?

तीन: तो ज्या खुणेवर विसंबला, ती खूण गुणाशिवाय तयार करता येते का? येत असेल तर तसं करण्यात कोणाचा फायदा आहे?

चार: वस्तूचा गुण मोजणारं साधन होतं का, ते कोणाच्या हातात होतं आणि त्या साधनाची तपासणी कोण करत होतं?

यांची उत्तरं मिळाली नाहीत तरी चालेल, पण तसं मर्यादांच्या प्रकरणात स्पष्ट लिहा. आणि निष्कर्षाचं वाक्य 'ग्राहकांनी गुणवत्ता मान्य केली' असं न लिहिता 'उपलब्ध माहितीवर, उपलब्ध पर्यायांतून, ग्राहकांनी हे घेतलं' असं लिहा. वाक्य जरा लांबतं. पण मौखिक परीक्षेत कोणी "कशावरून?" विचारलं, तर या वाक्याच्या बाजूने तुम्हाला बोलता येईल.